वरून चौतीस, आतून एकवीस

उदगीरला पोटावरून पाहिलं तेव्हा
दीड लिटर पाणी पिऊन बसले होते,
मांडीवर मांडी आवळून,
भिंतीवरची पाटी पुन्हा पुन्हा वाचत:
येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.
मशीनवाले म्हणाले, चौतीस. छान आहे.
त्या आकड्यावर मी दोन आठवडे झोपले.

लातूरच्या काझी मॅडम म्हणाल्या, आधी लघवीला जाऊन या.
अहो, नळेगावपासून धरून ठेवलीय, मी म्हणाले,
एसटीतल्या प्रत्येक खड्ड्याला.
त्या हसल्या.
भरलेली पिशवी गर्भाशयाचं तोंड दाबते, म्हणाल्या,
दाबलेलं लांब दिसतं.

हे मला लगेच कळलं.
मशीन माझंही आहे, पायाचं, अकरा वर्षं झाली.
बायका पोट आत ओढून उभ्या राहतात,
टेप फिरेपर्यंत श्वास धरतात,
आणि ब्लाऊज घालून बघायला येतात श्वास सोडून.
साडीवरून घेतलेलं माप मी धरत नाही.
तरी चौतीस धरलं होतं.

आतून? पडद्यापाशी अक्का अडखळली.
लेकराला धक्का नाही ना लागायचा?
नाही. आणि मी दाबणारही नाही.
दाबलं की आतूनही माप खोटंच येतं.
नको असेल तर आणखी एक रीत आहे,
बाहेरूनच, खालून.
पण मागच्या आतड्यातल्या हवेची सावली पडते
आणि टोक दिसत नाही कधी कधी.

टोकच दिसलं नाही तर टेप लावायची कुठून?
आतून बघा, मी म्हणाले.
नळीवर निरोध चढला, वर गार जेल.
कशाला भिऊलालीस, अक्का म्हणाली,
आणि तोंड भिंतीकडे करून उभी राहिली.

पडद्यावर दोन बारीक अधिकच्या खुणा,
मध्ये ठिपक्यांची रेघ,
कच्चा टाका घालावा तशी.
तेवीस.
मॅडम थांबल्या. घड्याळाकडे बघत राहिल्या.
पुन्हा. बावीस.
पुन्हा थांबल्या.
एकवीस.
मधलं धरायचं ना? मी विचारलं.
नाही. सगळ्यांत आखूड तेच खरं.

वरच्या बाजूला उघडायला लागलंय, हे बघा.
बघितलं. व्ही गळा.
असे मी दिवसाला चार कापते.

पहिलं गेलं तेव्हा पाचवा सरत होता.
दुखलं नव्हतं काही. नुसतं ओलं लागलं,
खाली बघितलं,
आणि हातातली काजपट्टी हातातच राहिली.
तेव्हा कुणी मोजलंच नव्हतं,
वरूनही नाही.

निदान पंचवीस हवं होतं, मॅडम म्हणाल्या.
पंचवीस म्हणजे माझ्या टेपवर एक इंच.
एवढी तर आम्ही माया सोडतो शिवणीत,
पुढेमागे बाई भरली तर उसवून देता यावी म्हणून.
इथं आत माया नव्हती.
एकवीस म्हणजे एकवीस.

टाका घालावा लागेल. उद्या सकाळी.
मला विचारायचं होतं, वाचेल का.
विचारलं, दोरा कसला?
दोरा नाही, पट्टीसारखा असतो, चपटा, म्हणजे कापत नाही.
तोंडाभोवती गोल फिरवायचा, बटव्याच्या नाडीसारखा.
आणि गाठ?
गाठ पुढच्या बाजूला ठेवते मी,
शेपूट जरा लांब सोडून.
सदतिसाव्या आठवड्यात काढताना
सापडायला हवी ना.

कितीतरी वेळ त्या गाठीकडेच बघत होते,
जी अजून घातलीच नव्हती.

बाहेर बाकावर अक्काच्या मांडीवर दोन कागद,
उदगीरचा आणि लातूरचा.
मग ह्यातलं खरं कोणतं गं,
चौतीस का एकवीस?

पाणी दे आधी, मी म्हणाले.
सकाळपासून मोजून पितेय.